साके तांदळाची, मग वास फळांचा कसा?

तुम्ही विचारलंय की साके ही जपानी दारू नुसत्या तांदळाची असते, तर तिला केळ्याचा किंवा सफरचंदाचा वास कुठून येतो, त्यात इसेन्स घालतात का? अजिबात नाही. जपानी लेबलच्या नियमांनुसार 'गिंजो' दर्जाच्या साकेत तांदूळ, कोजी (म्हणजे खास बुरशी चढवलेला भात), पाणी आणि फार तर थोडं शुद्ध अल्कोहोल, एवढंच चालतं. वास तयार करतं ते यीस्ट, आणि त्याच्याकडून तो काढून घेणं हे तोजीचं, म्हणजे मुख्य कारागिराचं कसब.

मी जपानमधल्या कोबे शहरात राहतो. नादा हा साकेचा जुना पट्टा इथलाच, त्यामुळे एका कारखान्यात हे काम जवळून बघायला मिळालं.

सुरुवात तांदूळ घासण्यापासून. गिंजोसाठी दाण्याचा किमान 40 टक्के भाग काढून टाकतात, त्यावरच्या दाइगिंजो दर्जासाठी किमान निम्मा. बाहेरच्या थरातल्या चरबीमुळे यीस्ट एस्टर नावाची सुगंधी रसायनं कमी बनवतं, म्हणून हा खटाटोप. उरलेले दाणे साबुदाण्यासारखे गोल, पांढरे दिसतात आणि इतक्या झपाट्याने पाणी पितात की भिजवताना कामगार स्टॉपवॉच घेऊन उभे असतात. जास्त भिजले तर वाफवल्यावर चिकट होतात आणि कोजी बिघडते.

कोजी हा सगळ्याचा जीव. तांदळात असतो स्टार्च, तो यीस्टला खाता येत नाही. म्हणून वाफवलेल्या भातावर कोजी बुरशीचे बीजाणू भुरभुरवून तो साधारण दोन दिवस उबदार खोलीत ठेवतात. बाहेर हात गारठलेले असतात, आत 30 अंशांच्या वर तापमान. कामगार भात पुन्हा पुन्हा हातांनी मोकळा करतात. तयार दाणा चावून बघितला, चक्क गोड लागला!

मग टाकीत कोजी स्टार्चची साखर करत राहते आणि तिथेच यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. साखर थोडी थोडी मिळत गेल्यामुळे अल्कोहोल 20 टक्क्यांच्या जवळ जातं. आपली फेणी भट्टीवर उकळून काढतात. साके फक्त आंबवून पिळलेली असते.

गिंजोची टाकी 10 अंशांच्या आसपास महिनाभर ठेवतात. या थंडीत यीस्ट सावकाश काम करतं आणि वास उडून जात नाही. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, सफरचंदाचा एथिल कॅप्रोएटचा. कुठला वास वर येणार हे यीस्टच्या जातीवरही ठरतं. जपानची ब्रूइंग सोसायटी निवडक जाती क्रमांक देऊन कारखान्यांना पुरवते. 7 नंबरचं यीस्ट 1946 मध्ये नागानो प्रांतात, मासुमी नावाची साके बनवणाऱ्या कारखान्यात सापडलं.

पण एक सांगतो, सुगंध म्हणजेच दर्जा असं समजू नका. किमोतो या जुन्या पद्धतीत यीस्ट वाढवायच्या विरजणात लॅक्टिक आम्ल बाहेरून घालत नाहीत, ते बनवणाऱ्या जिवाणूंना आपसूक वाढू देतात. त्या विरजणालाच महिनाभर लागतो. त्या साकेला फळांचा वास फारसा नसतो, पण चव भरदार आणि किंचित आंबट. मला तीच जास्त आवडते. गिंजो थंड घ्या. किमोतो मात्र चिनीमातीच्या सुरईत भरून, गरम पाण्यात ठेवून 45 अंशांपर्यंत तापवा. थेट गॅसवर नको.