डॉक्टरांची डिग्री खरी आहे का हे कसं तपासायचं? विचारलं तर त्यांना राग येईल का?

तुमच्या आईचं ऑपरेशन ठरलंय, सर्जन कुणीतरी सुचवलेले आहेत, आणि डिग्री तपासली तर त्यांना वाईट वाटेल का असं तुम्ही विचारलंय. तपासाच. मी हॉस्पिटलमध्ये नवीन येणाऱ्या डॉक्टर-नर्सची कागदपत्रं तपासायचं काम करते आणि माझा अनुभव असा की ज्यांचं सगळं सरळ असतं ते रजिस्ट्रेशन नंबर मागितला की लगेच सांगतात, कित्येकांना तो तोंडपाठ असतो.

भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका पण. ब्रिटनमध्ये एका बाईने न्यूझीलंडच्या विद्यापीठाची बनावट मेडिकल डिग्री दाखवून १९९५ मध्ये रजिस्ट्रेशन मिळवलं आणि जवळपास २० वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून पेशंट तपासले. तिच्या खोट्या कागदांत 'व्हेरिफाय' या शब्दाचंच स्पेलिंग चुकलेलं होतं, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या पेशंटच्या खोट्या मृत्युपत्राच्या केसमध्ये ती अडकली, मग एका पत्रकाराने डिग्रीचं प्रकरण खणून काढलं, आणि २०२३ मध्ये तिला ७ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून आम्ही माणसाने हातात दिलेला कागद पुरावा धरतच नाही, ज्या विद्यापीठाने किंवा मेडिकल कौन्सिलने (डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने) तो दिलाय त्यांच्याकडून थेट उत्तर मागवतो.

तुम्हाला एवढं करायची गरज नाही, तुम्ही नंबर घ्या आणि कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये बघा, बऱ्याच ठिकाणी ते ऑनलाइन असतं, फक्त साइट स्वतः शोधून उघडा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको. नुसतं नाव टाकून थांबू नका. मागे आमच्याकडे एका डॉक्टरांचा अर्ज आला होता, त्याच नावाचे रजिस्टरमध्ये दोघं निघाले, एकाचं रजिस्ट्रेशन चालू, दुसऱ्याचं निलंबित. नंबर, कॉलेज आणि पास झाल्याचं वर्ष जुळवलं तेव्हा कळलं आमच्याकडे आलेले कोणते. आणि नाव सापडलं की लोक साइट बंद करतात, तसं करू नका, खाली स्टेटस असतं ते वाचा: चालू आहे, मुदत संपलीय, की काही अटी घातल्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डिग्री खरी असणं वेगळं आणि ती या ऑपरेशनसाठी असणं वेगळं. नावापुढे अक्षरांची माळ असते, त्यात मूळ डिग्री कोणती, स्पेशालिटीचं पूर्ण ट्रेनिंग कोणतं आणि चार दिवसांचा कोर्स कोणता हे वेगळं काढा. फेलोशिप हा शब्द दोन वर्षांच्या ट्रेनिंगलाही लावतात आणि शनिवार-रविवारच्या वर्कशॉपलाही. हॉस्पिटलला सरळ विचारा की या डॉक्टरांना हेच ऑपरेशन करायची तुमच्याकडे परवानगी आहे का. डॉक्टरांना विचारा की गेल्या वर्षभरात अशी किती केली आणि आईचं ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की दुसरं कोणी.

रजिस्टरही शंभर टक्के पुरत नाही हे मी लपवणार नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत उघडकीला आलं की फ्लोरिडातल्या काही नर्सिंग शाळांनी ७,६०० च्या वर बोगस डिप्लोमे विकले, ते विकत घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी लायसन्सची परीक्षा पास होऊन खरं लायसन्स मिळवलं होतं. म्हणून एका साइटवर हिरवी खूण दिसली तरी वरचे प्रश्न विचाराच.

नंबर सापडलाच नाही तर लगेच आरोप करू नका हं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, स्पेलिंग वेगळं असतं, कधी नोंदणी दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलकडे असते. आधी कौन्सिलला फोन करा.

आणि भूलतज्ज्ञ! सर्जनची सगळे चौकशी करतात, भूल कोण देणार हे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कळतं. आत्ताच रिसेप्शनला फोन करून दोघांचीही पूर्ण नावं आणि नंबर लिहून घ्या.