एस्टीमचा आवाज: आधी सायलेन्सरखाली वाकून बघा

जुनी मारुती एस्टीम घेतलीत आणि तिचा एक्झॉस्टचा आवाज बदलायचा म्हणताय, अभिनंदन! ते १.३ लिटरचं इंजिन मुळातच गोड वाजतं, त्यामुळे लगेच गॅरेजमध्ये जाऊन 'फ्री फ्लो' (धूर कमी अडवणारा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) लावून घेऊ नका.

इतक्या जुन्या गाडीत निम्मा कर्कशपणा गळतीचा असतो. सकाळी थंड इंजिन चालू करून बॉनेट उघडा. फट्-फट् किंवा टिक-टिक ऐकू आलं, तर मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट गेलेलं असू शकतं. मग मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, ठोकून बघा. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरली की आत पाणी साचतं आणि डबा आतूनच गंजतो. डबा लटकवायचे रबरही बदला. खर्च किरकोळ, फरक मोठा. एवढ्यावरच माझं समाधान झालं होतं, खरं सांगतो.

तरीही खोल आवाज हवाच असेल तर:
- फक्त मागचा डबा बदला, पाइपचा व्यास मूळचाच ठेवा. जाड पाइपने चढावर गाडी मंदावते आणि हायवेवर डोक्यात घूं-घूं बसते.
- कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढू नका. मेकॅनिक 'पिकअप वाढेल' म्हणेलच!
- जुना डबा भंगारात देऊ नका.

कायद्याचं म्हणाल तर सायलेन्सर हवाच, आणि आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यावी लागते, तिथे तो जुना डबा कामी येतो.

हेडर्स (मॅनिफोल्डऐवजी लावायच्या खास नळ्या) वगैरेचं नंतर बोलू. आधी गॅस्केट बघून कळवा.