फोर्स प्लेट नाही, ईएमजी दोनच चॅनेलचं आणि सब्जेक्ट सगळे ठणठणीत, मग मोजायचं काय?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधेच वाचणाऱ्यांनाही कळेल. सोलापुरात फिजिओच्या शेवटच्या वर्षाला आहेस, प्रोजेक्ट घेतलाय निरोगी तरुणांच्या पायाच्या स्नायूंची ॲक्टिव्हिटी आणि बॅलन्स यांचा संबंध. डिपार्टमेंटला दोन चॅनेलचं सरफेस ईएमजी आहे, म्हणजे कातडीवर इलेक्ट्रोड लावून स्नायूचा विजेचा सिग्नल मोजणारं मशीन, पण फोर्स प्लेट, म्हणजे पायाखालचा जोर मोजणारी पाटी, नाही. पायलटला हॉस्टेलची पोरंपोरी उभी केलीस, प्रत्येकाचा मायक्रोव्होल्टचा आकडा वेगळा, कशाचा कशाला मेळ नाही, आणि गाईड म्हणतात की ज्याचं ईएमजी जास्त त्याचा बॅलन्स चांगला यायला पाहिजे, तुझं काहीतरी चुकतंय. स्टुडंट आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको. मी आधी बरीच वर्षं लॅबमध्ये हेच काम केलंय, आता होटगी रोडला क्लिनिक आहे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहिती आहे.

तर पहिली गोष्ट, मशीनला दोष देऊ नको. घोळ त्या "जास्त ईएमजी म्हणजे चांगला बॅलन्स" मध्ये आहे. निरोगी माणूस नुसता उभा असतो तेव्हा शरीराचं वजन घोट्याच्या सांध्याच्या थोडं पुढे पडतं, त्यामुळे अंग सारखं पुढे झुकायला बघतं आणि पोटरीतला सोलियस त्याला हळूहळू मागे धरून ठेवतो. नडगीच्या बाजूचा पुढचा स्नायू, टिबियालिस अँटेरियर, त्या वेळी जवळजवळ गप्प असतो. आत्ता हे वाचताना उठ आणि करून बघ की, एक हात पोटरीवर ठेव, टाच न उचलता अंग किंचित पुढे टाक, पोटरी दगडासारखी होईल. आता मागे झुक, पोटरी सैल पडेल आणि घोट्याच्या पुढची शीर, म्हणजे टिबियालिसचं टेंडन, दोरीसारखं वर येईल, चवडा उचलला जाईल. इतकं साधं आहे. म्हणजे शांत उभं राहायला स्नायू थोडेच लागतात, आणि ज्याचा तोल पक्का तो तेवढ्यावरच भागवतो. ज्याला भीती वाटते, पडेन की काय असं होतं, तो पुढचा-मागचा दोन्ही स्नायू एकदम आवळून घोटा लॉक करतो, ह्यालाच आपण को-काँट्रॅक्शन म्हणतो, आणि त्याचं ईएमजी मस्त भरगच्च येतं. आता ह्यातला बॅलन्स कुणाचा चांगला, सांग बरं?

संक्रांतीच्या आधी सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांचा सराव चालतो तो बघायला एकदा मुद्दाम जा. यात्रेत बाराबंदी घालून सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना जातात, एवढी उंच काठी उभी धरून चालायची म्हणजे खायचं काम नाही. सरावाला नवीन पोरगं दातओठ खाऊन मानेपासून पायापर्यंत ताठ होतं आणि चार पावलात घामाघूम, जुना माणूस मात्र घोट्यात आणि कंबरेत सैल असतो, काठी कलायच्या आधीच त्याचं पाऊल पडलेलं असतं. गाईडना माझं काही सांगू नको, हे दाखव. म्हणजे किती जोर लावला हे विचारण्यापेक्षा कधी लावला हे विचार, निरोगी माणसात फरक तिथे सापडतो.

आता मायक्रोव्होल्टच्या आकड्यांबद्दल. दोन माणसांचे कच्चे मायक्रोव्होल्ट एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात, कारण कातडीखालची चरबी, केस, घाम, इलेक्ट्रोड एक सेंटिमीटर इकडे का तिकडे, सगळ्याने आकडा बदलतो. म्हणून नॉर्मलायझेशन, म्हणजे त्याच स्नायूचं त्याच दिवशी त्याच इलेक्ट्रोडवर जास्तीत जास्त काँट्रॅक्शन घ्यायचं आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यात लिहायचं. साधारण पाच सेकंदांची तीन, मधे निदान एक मिनिट विश्रांती. पण पोटरीला हाताने रेझिस्टन्स देऊन मॅक्स घ्यायचा प्रयत्न करू नको, तरण्या पोराची पोटरी तुझ्या दोन्ही हातांना ऐकणार नाही, त्याचं निम्मं बळ तरी निघेल का शंका आहे. पट्टा वॉल बारला बांधून चवडा दाबायला लाव, नाहीतर सरळ एका पायावर टाच उचलून धरायला सांग आणि तेच रेफरन्स धर, मॅक्सिमम शब्द लिहू नको, "रेफरन्स काँट्रॅक्शन" लिही, एक्झामिनर खूश.

इलेक्ट्रोड लावताना सेनियामच्या शिफारशी वापर, हा नव्वदच्या दशकातला युरोपियन प्रोजेक्ट आहे आणि सगळे तेच धरतात. दोन इलेक्ट्रोडच्या केंद्रांत 20 मिलिमीटर, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने. टिबियालिससाठी फिब्युलाच्या वरच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत रेघ धरायची आणि वरून एक तृतीयांशावर. आतल्या गॅस्ट्रॉकला, म्हणजे सोलियसच्या वरच्या पोटरीच्या स्नायूला, जिथे फुगवटा सगळ्यात मोठा दिसतो तिथे. सोलियससाठी मांडीच्या हाडाच्या आतल्या कॉन्डाइलपासून, म्हणजे गुडघ्याजवळच्या फुगीर टोकापासून, आतल्या घोट्यापर्यंतच्या रेघेवर दोन तृतीयांश खाली. रेफरन्स इलेक्ट्रोड घोट्याच्या हाडावर. केस काढायचे, स्पिरिटने घासायचं, वाळू द्यायचं आणि मगच चिकटवायचं. पोरींच्या पायाला पोरींनीच इलेक्ट्रोड लावायचे, पडदा पाहिजे, आणि शेव्हिंगचं आधीच सांगायचं, ऐनवेळी रेझर काढला तर निम्म्या जणी निघून जातील आणि त्यांचं बरोबर आहे.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा, स्पिरिट वाळायच्या आत परत घाम. इलेक्ट्रोडची एक कड सुटली तरी लाईन अशी नाचायला लागते की बघणाऱ्याला वाटेल पेशंटला झटका आलाय. जमलं तर सकाळी लवकर घे, नाहीतर पावसाळ्यानंतर. आणि कूलर! डिपार्टमेंटमधला तो पत्र्याचा कूलर मशीनच्या बाजूलाच लावलेला असतो, हो ना? त्याची मोटर, शेजारची ट्यूबलाईट, लॅपटॉपचा चार्जर, सगळीकडून 50 हर्ट्झची गुणगुण आत येते. रेकॉर्डिंगच्या एक-दोन मिनिटांपुरता कूलर बंद कर, लॅपटॉप बॅटरीवर चालव, इलेक्ट्रोडच्या वायरी लोंबू देऊ नको, टेपने पायाला चिकटव. पूर्व भागात लूमच्या शेडशेजारी खोली घेऊन विणकरांवर असलं काही करायचा विचार आला तर आधी तिथे नुसतं रिकामं रेकॉर्डिंग करून बघ, मग ठरव.

मशीनवर नॉच फिल्टरचं बटण असतं, 50 हर्ट्झचं, सगळे ते दाबून मोकळे होतात. शक्यतो दाबू नको ओ, कारण सरफेस ईएमजीचा मोठा भाग साधारण 50 ते 150 हर्ट्झमध्येच असतो, गुणगुणीबरोबर खरा सिग्नलही कापला जातो. बँडपास, म्हणजे सिग्नलचा जेवढा पट्टा ठेवायचा तो, 20 ते 450 हर्ट्झच्या आसपास, सॅम्पलिंग सेकंदाला निदान 1000. बरोबर लागलंय का हे बघायला सब्जेक्टला झोपवून पाय पूर्ण सैल सोडायला सांग, लाईन जवळपास सपाट पाहिजे. मग चवडा वर ओढायला लाव, टिबियालिसचा चॅनेल उठला पाहिजे आणि पोटरीचा बराचसा शांत राहिला पाहिजे. दोन्ही एकदम उठले तर शेजाऱ्याचा सिग्नल तुझ्या घरात येतोय, म्हणजे क्रॉसटॉक, जागा बदल.

बॅलन्सकडे येऊ. दोन पायांवर, कडक फरशीवर, डोळे उघडे ठेवून निरोगी बावीस वर्षांच्या पोराला उभं केलंस तर फरक कुठून दिसणार? बर्ग स्केल, ती बॅलन्सला मार्क द्यायची टेस्ट, लावू नको म्हणून आधीच सांगतो, चौदा आयटम, छप्पन्न मार्क, तुझे सगळेच छप्पन्न घेऊन जातील. टास्क अवघड कर. एका पायावर उभं कर, मग डोळे मिटायला सांग, भलेभले दहा-पंधरा सेकंदात पाय टेकतात. रोम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात हेच दाखवलं होतं की डोळे मिटले की घोट्या-तळव्याकडून येणाऱ्या माहितीवर सगळी भिस्त येते. मग फोमवर उभं कर, म्हणजे तळव्याची माहितीही गढूळ होते आणि डोळे मिटून फोमवर उभं केलं की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या व्हेस्टिब्युलर यंत्रणेवर सगळा भार येतो. कडक-उघडे, कडक-मिटलेले, फोम-उघडे, फोम-मिटलेले, ह्या चार कंडिशन पुष्कळ झाल्या. फक्त गादीवाल्याकडून आणलेला मऊ फोम घेऊ नको, ऐंशी किलोचा माणूस उभा राहिला की तो फरशीपर्यंत दबतो आणि तू परत कडक जमिनीवरच मोजत बसतेस, दाट फोम घे आणि सगळ्यांना तोच.

फोर्स प्लेट नसल्याचं फार वाईट वाटून घेऊ नको. प्लेट जे देते ते सेंटर ऑफ प्रेशर, म्हणजे तळव्याखालच्या दाबाचा मध्य, ते शरीराच्या सेंटर ऑफ मासपेक्षा, म्हणजे वजनाच्या मध्यापेक्षा, जास्त हलतं, कारण प्रेशर पुढे-मागे करूनच माणूस मासला ताब्यात ठेवतो, त्यामुळे प्लेट मिळाली तरी दोन्ही एकच समजायचे नसतात. तुझ्याकडे मोबाईल आहे, तो पट्ट्याने कंबरेच्या मागे, सॅक्रमच्या उंचीवर घट्ट बांधून ॲक्सिलरेशन रेकॉर्ड करता येतं, पण थीसिसमध्ये त्याला सेंटर ऑफ प्रेशर म्हणू नको, "ट्रंक ॲक्सिलरेशन" म्हण. कुणाकडे निन्टेंडोच्या व्हिडिओ गेमचा जुना वी बॅलन्स बोर्ड पडून असेल तर सोन्याहून पिवळं, त्याच्या चार कोपऱ्यांत लोड सेन्सर असतात आणि संशोधनात तो बराच वापरला गेलाय. दोन पायांवर शांत उभं राहण्याचं रेकॉर्डिंग मात्र एक मिनिटाचं घे, दहा सेकंदांचं नको, अंगाची डुलणी संथ असते, थोड्या वेळात ती पुरती पकडली जात नाही. अनवाणी, हात कुठे ते ठरलेलं, नजर समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेवर, आणि कंडिशनचा क्रम चिठ्ठ्या टाकून, नाहीतर शेवटच्या कंडिशनमध्ये तुला फक्त थकवा दिसेल. बाजूला एक जण धरायला उभा पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

वाय बॅलन्सही करता येतो, फरशीवर टेप मारून तीन दिशा, पुढे आणि मागे दोन्ही तिरप्या, एका पायावर उभं राहून दुसरा पाय प्रत्येक दिशेला जमेल तेवढा लांब न्यायचा. कंबरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत पायाची लांबी घे आणि तिन्ही अंतरांची बेरीज लांबीच्या तिपटीने भागून शंभरने गुण. आधी चार-सहा प्रॅक्टिस दे, नाहीतर जे सुधारलं ते शिकण्यामुळेच. बाकी ह्यावर तुझ्या सीनियरांनी ढिगाने थीसिस केलेत, लायब्ररीत बघ, मी लिहीत बसत नाही.

मी तुझ्या जागी असतो तर विषयच थोडा वळवला असता. दोन चॅनेलवर मस्त बसणारी एक गोष्ट आहे, अँटिसिपेटरी पोश्चरल ॲडजस्टमेंट, म्हणजे हालचालीच्या आधीच अंगाने तोलाची केलेली तयारी. उभ्या माणसाला हात झटकन समोर वर करायला सांगितलं की खांद्याचा डेल्टॉइड चालू व्हायच्या आधीच मांडीमागचा बायसेप्स फेमोरिस चालू होतो, कारण हात पुढे गेला की अंगही पुढे ओढलं जाणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. रशियन मंडळींनी, बेलेन्की आणि गुरफिंकेल वगैरेंनी, हे 1967 मध्ये दाखवलं. एक चॅनेल डेल्टॉइडच्या पुढच्या भागावर, दुसरा त्याच बाजूच्या बायसेप्स फेमोरिसवर, झालं. फरक मिलिसेकंदांत मोजण्याइतका असतो म्हणून इथे आकड्यापेक्षा वेळ महत्त्वाची, आणि वेळेला चरबीबिरबीचा तेवढा त्रास नाही, मॅक्सिमम घ्यायची कटकटही नाही. मग तेच दोन पायांवर, फोमवर, हातात एक किलोचं वजन देऊन करायचं आणि प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच करायची, रिपीटेड मेझर्स. वीस व्हेरिएबल घेऊन सगळ्यांचं सगळ्यांशी कोरिलेशन काढलंस तर एखादं नुसत्या नशिबानेच सिग्निफिकंट निघेल, आणि डिफेन्सला कोणीतरी नेमकं तेच विचारेल.

दोन अटी आहेत. हात जोरात उचलला पाहिजे, आरामात उचलला तर पायाचा आगाऊ सिग्नल दिसतच नाही, त्यामुळे "बीप वाजला की जमेल तेवढ्या झपाट्याने" असंच सांगायचं, आणि सगळ्यांना त्याच शब्दांत. कन्सेंट फॉर्म आणि ह्या सूचना मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही करून घे, आपल्या गावात मराठी समजतंच म्हणून चालवून नेतात, पण "झपाट्याने" सांगितल्यावर समोरचा हसून हळूच हात वर करतो तेव्हा कळतं की समजलेलं नाही. आणि एथिक्स कमिटीची परवानगी पहिला सब्जेक्ट घ्यायच्या आधी, पायलट झालाच असेल तर गाईडशी आत्ताच बोल.

दुसरी अट मशीनची. ऑनसेट, म्हणजे स्नायू चालू व्हायचा क्षण, शोधायला कच्चा सिग्नल लागतो, बेसलाईनच्या सरासरीवर दोन किंवा तीन स्टँडर्ड डेव्हिएशन गेल्यावर आणि पंचवीस-पन्नास मिलिसेकंद तिथेच टिकल्यावर सुरुवात धरायची, आणि प्रत्येक ट्रायल डोळ्यांनीही तपासायची. तुझं मशीन बायोफीडबॅकचं असेल आणि नुसता गुळगुळीत केलेला आरएमएसचा, म्हणजे सरासरी काढलेल्या सिग्नलचा, बार दाखवत असेल तर वेळ त्यात विरघळून गेलेली असते, मग हा विषय सोड आणि चार कंडिशनवाला कर. एनसीव्हीचं, म्हणजे नसांचा वेग तपासायचं, मशीन असेल तर कच्चा सिग्नल स्क्रीनवर दिसतो, पण मिनिटभराचं रेकॉर्डिंग साठवून बाहेर काढू देतं का ते बघ. मेनूमध्ये एक्स्पोर्ट म्हणून काही आहे का, फाईल कुठल्या फॉरमॅटची निघते, आणि मागच्या स्टिकरवर मॉडेल काय लिहिलंय, एवढं उद्या बघून इथेच टाक, पुढचं सेटिंग त्यावरून सांगतो.