सकारात्मक वाक्यं म्हणूनही पश्चात्ताप जात नाही. स्वतःला माफ कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जुनी एक चूक अजून मन खाते, आणि ‘माझं स्वतःवर प्रेम आहे’ हे वाक्य रोज सकाळी पन्नास वेळा म्हटलं की उलट जास्तच वाईट वाटतं. यात तुमचं काही चुकत नाही. वाक्य चुकीचं आहे, आणि वेळेआधी आलंय.

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली नेमकं हेच दाखवलं. स्वतःबद्दल आधीच वाईट मत असलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकलं, तेव्हा त्यांची मनःस्थिती न घोकणाऱ्यांपेक्षा खालावली. न पटणारं वाक्य कानावर पडलं की मन लगेच विरुद्ध पुरावे काढायला बसतं. म्हणून आधी हिशेब, मग वाक्य.

हिशेब कागदावरच करा, डोक्यात तो गोल गोल फिरतो. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी काय घडलं ते फक्त कृतींत लिहा. ‘मी नीच वागलो’ हा निकाल झाला; ‘मी तीनदा फोन उचलला नाही’ ही घटना. दुसऱ्या दिवशी पानाच्या मधोमध रेघ मारा : डावीकडे तेव्हा मला काय माहीत होतं, उजवीकडे नंतर काय कळलं. बहुतेकांची अर्धी टोचणी उजव्या बाजूची निघते, म्हणजे पश्चातबुद्धीने तेव्हाच्या स्वतःला दिलेली शिक्षा. तिसऱ्या दिवशी फक्त डाव्या बाजूकडे बघून आपला वाटा लिहा. तो शून्य नसतो, आणि सगळाच्या सगळाही क्वचितच असतो. चौथ्या दिवशी, आता काय दुरुस्त करता येईल ते. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं, त्याला घाबरू नका. पण तीच तीच वाक्यं पुन्हा उतरायला लागली तर वही मिटा. ते लिहिणं राहिलं नाही, उगाळणं झालं.

भरपाई टाळून केलेली माफी टिकत नाही. ‘जाऊ दे, चुका सगळ्यांच्याच होतात’ ही माझ्या मते सुटका आहे, माफी नव्हे. माफी मागताना नुकसान नाव घेऊन सांगा, वाक्यात ‘पण’ आणू नका आणि ‘मला माफ कर’ असा आग्रह धरू नका. तो आपला भार समोरच्याच्या खांद्यावर टाकणं होतं. तुमच्या संपर्कानेच त्या व्यक्तीला त्रास होणार असेल, किंवा ती हयात नसेल, तर न पाठवायचं पत्र लिहा आणि त्याच जातीची चूक पुढे होऊ नये म्हणून एक ठोस सवय धरा. स्वतःला माफ केलं की माणूस बेफिकीर होतो, ही भीती असतेच. पण २०१० सालच्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली.

आता वाक्य. मोठ्याने म्हणा आणि किती पटतं त्याला दहापैकी गुण द्या. सातच्या खाली असेल तर पाणी घालून पातळ करा. ‘मी स्वतःला पूर्ण माफ केलंय’ याला दोन गुण पडत असतील, तर ‘चूक माझी होती, जमेल ती भरपाई मी केली आहे, आणि आजही मी स्वतःला शिक्षा देऊन कुणाचंच भलं होत नाही’ हे म्हणून बघा. लांबलचक आणि बेचव आहे, पण मन त्याच्याशी भांडत नाही. काहींना स्वतःचं नाव घेऊन ‘तू’ म्हटलं की सोपं जातं. जवळच्या मित्राला सांगितल्यासारखं वाटतं.

हे वाक्य सकाळी पन्नास वेळा घोकू नका. आठवण टोचेल तेव्हा एकदाच म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा. आठवण दाबू नका, दाबली की ती जोराने उसळते. काही महिन्यांनी एखाद्या तारखेला किंवा एखाद्या वासाने ती परत आली, तर माफी फसली असं समजून हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडू नका. तेच वाक्य एकदा म्हणा, बस.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा.