नव्या लॅपटॉपवर हार्ड डिस्कच्या एरर येतायत, फॉरमॅट मारू का?

लॅपटॉप नवा आहे, तरी सुरू होताना विंडोज डिस्क तपासत बसतं आणि फाइल कॉपी करताना मध्येच अडकतं, म्हणून फॉरमॅट मारू का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. डिस्कच खराब असेल तर फॉरमॅटने काही दुरुस्त होत नाही, डेटा मात्र हातचा जातो.

आधी कामाच्या फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घ्या. चेकडिस्क (विंडोजचीच डिस्क तपासणारी chkdsk कमांड) त्यानंतर. त्याला आर (/r) लावून चालवलं की ते अख्खी डिस्क वाचून काढतं. डिस्क आधीच आचके देत असेल तर तेवढ्या ताणानेही मान टाकते.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींची रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) बघा. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, निकाल लागायचा असलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे. पुढे त्या जागी लिहिताना जमलं तर आकडा उतरतो. नाही जमलं तर तिथे राखीव सेक्टर लावला जातो आणि ०५, म्हणजे असे बदललेले सेक्टर, वाढतो. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. (हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले असतात बरं का, १० दिसले तर ते १६ समजायचे.) जुन्या डिस्कवर दोन-चार सेक्टर मी एक वेळ चालवून घेईन, पण नव्या डिस्कवर एकही नाही.

वर ‘गुड’ लिहिलेलं असलं तरी सी७, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका, बघाच. तो वाढत असेल तर बहुधा डिस्क ठणठणीत आहे आणि केबल किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. हा आकडा कधी उतरत नाही, त्यामुळे आज लिहून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा. हार्ड डिस्कऐवजी एनव्हीएमई एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारा वेगवान ड्राइव्ह) असेल तर या ओळी नसतात. तिथे ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ ही ओळ शून्य हवी.

सगळं शून्य निघालं तर दोष फाइल सिस्टमचा (डिस्कवर फाइल कुठे आहेत याच्या नोंदींचा) असू शकतो, पॉवर बटण दाबून बंद केल्यानेही तसं होतं. मग चेकडिस्क नुसतं एफ (/f) लावून चालवा.

आकडे वाईट असतील तर स्क्रीनशॉट घ्या आणि वॉरंटीत डिस्क बदलूनच मागा. स्वतः खोलू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर लॅपटॉप ती मागू शकतो.