आईच्या कोलेस्टेरॉलसाठी कच्छचा जंगली गुग्गुळ द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की आईचं कोलेस्टेरॉल वाढलंय, बीपीची गोळी आधीपासून चालू आहे आणि शेजाऱ्यांनी कच्छहून जंगली गुग्गुळाचा डिंक आणून दिलाय, तर तो द्यावा का. तो डिंक देऊ नका. मी फार्मसी शिकलोय, बारा वर्षं मेडिकल चालवतोय, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर बरेचदा येतो.

आता गुग्गुळात काहीच नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. भुजच्या बाजूला मी हे झुडूप पाहिलंय, उन्हाळ्यात एक पान नाही, नुसता काट्यांचा सांगाडा, खोडावर कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले आणि जिथे साल चिरलेली तिथे मधाच्या रंगाचा थेंब घट्ट झालेला, हाताला लागला की चिकटतो आणि धुतला तरी वास जात नाही. झुडूप आपली जखम बुजवायला तो डिंक काढतं आणि त्यातच गुग्गुलस्टेरॉन हा औषधी घटक असतो. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या, म्हणजे शरीरात चरबी वाढण्याच्या आजाराच्या, वर्णनावरून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये गुग्गुळावर संशोधन केलं, पुढे लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध-संशोधन संस्थेने अर्क तयार केला आणि १९८७ मध्ये भारतात त्याला कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून परवानगीही मिळाली. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, त्यांचा हिशोब ठेवणारा एफएक्सआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं संदेश घेणारं प्रथिन, असतो, त्याला गुग्गुलस्टेरॉन अडवतं, हेही २००२ मध्ये दाखवलं गेलं.

पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे नीट चाचणी झाली, त्यात गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी व्हायच्या ऐवजी ४-५ टक्के वाढलं, आणि सहा जणांच्या अंगावर पुरळ आलं. आधीच्या भारतातल्या अभ्यासांत फायदा दिसला होता हेही खरं, म्हणून मी त्याला थोतांड म्हणणार नाही, पण आईच्या हृदयासाठी फक्त त्याच्यावर विसंबू नका.

मला जास्त काळजी बीपीच्या गोळीची वाटते. डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या दोन गोळ्या गुग्गुळासोबत घेतल्या तर रक्तात कमी पोचतात, म्हणजे आई रोज गोळी घेतेय, डबी रिकामी होतेय आणि बीपी मात्र हवं तसं उतरत नाहीये. असं का होतंय ते घरात कुणाला कळणारही नाही.

आणि शेजाऱ्यांनी आणलाय तो कच्चा डिंक आहे, त्यात साल, माती, खडे सगळं असतं. वैद्य तो त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा दुधात शोधन करूनच, म्हणजे शुद्ध करूनच, वापरतात, कच्चा घेतला तर पोट बिघडतं, अंगाला खाज सुटते. शिवाय जास्त डिंक मिळावा म्हणून चिरेत कसली कसली रसायनं भरतात आणि मग झुडूप वाळून मरतं, आज हे झाड आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे, मला ते खूप लागतं. पुन्हा कुणी आणून देतो म्हणाले तर नको सांगा.

आईला वैद्यांचं औषध हवंच असेल तर शिकलेल्या वैद्यांकडे जा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, लिहून दिलं असेल तर ते मनाने बंद करू नका. बीपीची नेमकी कुठली गोळी आहे ते इथे लिहा, पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव, कंपनीचं नको, मग पुढचं सांगतो.