उष्णतेचा हिशेब

अनेक आशीर्वाद.

पीएचडीला नॅनो पातळीवरचं उष्णतावहन घ्यावं, पण थिअरी की प्रयोग, हे तुझं ठरत नाहीये. शेवटी थिअरीकडे गेलास तरी पहिलं वर्ष प्रयोगशाळेत काढ, असं मी म्हणेन.

विजेच्या उत्तम वाहकात आणि उत्तम रोधकात वीसहून अधिक शून्यांचा फरक असतो, म्हणून वीज तारेत कोंडता येते. उष्णतेचं तसं नाही. हिऱ्यापासून हवेपर्यंत गेलं तरी फरक लाखभर पटींच्या आतच. त्यामुळे ती टेकूतून, उरल्यासुरल्या हवेतून, प्रारणातून, जमेल तिथून निसटते, आणि तू मोजलेला वाहकतेचा सगळा आकडा या गळतीच्या हिशेबावर उभा असतो.

2003 साली बर्कलीच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोवायर, म्हणजे काही नॅनोमीटर जाडीच्या तारा, मोजल्या, तो पेपर नीट वाच. अधांतरी लटकवलेल्या दोन इवल्या पट्ट्या, मध्ये पुलासारखी तार. एक पट्टी तापवायची आणि दुसरी किती तापते ते बघायचं. अखंड सिलिकॉनची वाहकता दीडशेच्या घरात (वॅट प्रति मीटर-केल्विन), तर 22 नॅनोमीटरच्या तारेची दहाच्या आसपास. उष्णता वाहून नेणाऱ्या अणुकंपनांच्या लहरी म्हणजे फोनॉन, आणि कशालाही न धडकता ते जेवढं अंतर जातात तो त्यांचा मुक्तपथ; तार त्याहून बारीक, त्यामुळे फोनॉन तारेच्या भिंतींवर आदळत राहतात. पृष्ठभागाचा हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ कॅसिमिरने 1938 मध्येच मांडला होता. लोक हा एवढाच आकडा पाठ करतात. मला मात्र त्यातला कमी तापमानाचा आलेख जास्त मोलाचा वाटतो: जाड तारा वाहकता तापमानाच्या घनाप्रमाणे (T³) बदलते या नेहमीच्या नियमाजवळ राहतात, ही सर्वांत बारीक तार मात्र तो पाळत नाही. नुसत्या भिंतींवर आदळण्याने ते सुटत नाही. प्रश्न शोधायचा तर अशा ठिकाणी.

तुझ्या हाती सॅम्पल आलं की आधी तार न लावलेलं रिकामं उपकरण मोज, म्हणजे गळती किती ते कळेल. मग लांबी बदलून मोज, म्हणजे टोकांच्या जोडांचा रोध किती ते कळेल. कंटाळवाणं काम आहे, पेपरात त्याला एखादी ओळ मिळते, पण पेपर तपासणारा रेफरी नेमकं तेच विचारतो.

नोकरीचं फार मनावर घेऊ नकोस. चिप बनवणाऱ्यांना उष्णतेने छळलं आहे तोवर उष्णता जाणणारी माणसं लागणारच.

गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची यादी बघशीलच. त्याआधी लॅबमधल्या एखाद्या सीनिअरला चहाला ने आणि विचार, रिकाम्या उपकरणाचा डेटा कुठे ठेवता? तो फोल्डर उघडून दाखवायला लागला तर तिथेच अर्ज कर.